फिटनेस सर्टिफिकेट राहू द्या, शेवटचे दोन किलोमीटर सांभाळा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातले शर्यतींचे सर्व संयोजक आणि पहाटे पळणाऱ्या गटांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

दसरा झाला की तुमच्या शर्यतींचे फलक लागतात आणि त्याच आठवड्यापासून आमच्याकडे एक ठरावीक गिऱ्हाईक यायला लागतं. गिऱ्हाईक म्हटलं म्हणून रागावू नका, सर्टिफिकेटपुरता आलेला माणूस स्वतःला पेशंट समजतच नाही. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, पोट सपाट, मनगटावर जीपीएसचं घड्याळ, हातात तुमच्या फॉर्मची प्रिंट. ‘मॅडम, तेवढा ईसीजी काढा आणि डॉक्टरांची सही घेऊन द्या, साडेनऊला ब्रँच उघडायचीय.’ मी बेळगावात टिळकवाडीला ईसीजी आणि टीएमटीच्या (पट्ट्यावर चालवत घेतलेल्या ईसीजीच्या) मशीनवर काम करते. डॉक्टर नाही. कागदावर काय उमटलंय ते डॉक्टरांपुढे ठेवायचं आणि पेशंट पट्ट्यावर चालत असताना त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची, एवढंच माझं काम. ते काम करता करता जे दिसलं, त्यातून हे पत्र लिहिते आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकते. तुम्ही मागता त्या सर्टिफिकेटाने पन्नाशीतल्या पळणाऱ्याचा हृदयविकार सापडत नाही. आणि ते मागून घेतलं की आपली जबाबदारी संपली असं तुम्हालाही वाटतं, त्यालाही वाटतं. खरी गरज असते ती रस्त्यावर, शेवटच्या टप्प्यात. तिथे तुमचं कुणीच नसतं.

ईसीजी म्हणजे काय, तर माणसाला आडवं झोपवायचं, छातीवर सहा आणि हातापायांना चार जोडण्या लावायच्या आणि दहा सेकंदांची नोंद घ्यायची. त्या दहा सेकंदांत हृदय निवांत असतं. पळणाऱ्याचं तर फारच निवांत, मिनिटाला अठ्ठेचाळीस-पन्नास ठोके. असा मंद ठोका सरावाने पडतो, त्यात काळजीचं काही नाही. उलट पळणाऱ्यांचा ईसीजी फारसा न बघितलेला नवखा डॉक्टर तो बघून उगाच दचकतो. पण धमनी अर्ध्याहून जास्त बुजलेली असली तरी आडव्या पडलेल्या हृदयाला पुरेल एवढं रक्त त्यातून जातं. कागद स्वच्छ निघतो. त्यावर सही होते. काही ठिकाणी तर ईसीजीचीही गरज पडत नाही, कंपाउंडर नाव विचारतो आणि शिक्का मारतो. ते दवाखाने कुठले हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. इथे नाव घेत नाही.

‘मग आम्ही टीएमटी सक्तीची करतो’ असं तुमच्यातले एक जण मला म्हणाले होते. थांबा. टीएमटीत पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर सुरू होतो, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. २२० मधून वय वजा केलं की जो आकडा येतो त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठोके गेले की बऱ्याच ठिकाणी चाचणी झाली असं धरतात. पन्नास वर्षांच्या माणसाला म्हणजे साधारण १४५. आता तुमच्या गटातल्या कुणाचंही घड्याळ बघा, शर्यतीच्या शेवटच्या किलोमीटरला ठोके १६५च्या वर असतात. १४५ला थांबवलेली चाचणी १६५ची हमी कशी देणार? पळणाऱ्या माणसाला दम लागेपर्यंत, तो स्वतः ‘बास’ म्हणेपर्यंत चालवायला हवं, अर्थात डॉक्टर शेजारी उभे असताना.

आणि तसं चालवूनही सगळं सापडत नाही, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धमनी साधारण सत्तर टक्के बुजली की श्रमाच्या वेळी रक्त कमी पडतं आणि टीएमटीत ते दिसतं. त्याच्या खालचं बहुधा दिसत नाही. पण झटका काही नेहमी सत्तर टक्केवाल्या जागीच येत नाही. धमनीच्या आतल्या बाजूला चरबीचा जो थर साचलेला असतो तो तीस-चाळीस टक्क्यांचाच असला तरी कधी कधी फुटतो, फुटल्या जागी रक्ताची गाठ धरते आणि काही मिनिटांत धमनी पूर्ण बंद होते. म्हणजे ऑक्टोबरात टीएमटी छान आणि डिसेंबरात झटका, यात डॉक्टरांची चूक असेलच असं नाही.

एक पेशंट सांगते. खानापूर तालुक्यातले, लष्करातून निवृत्त, अर्धी मॅरेथॉन दोन तासांच्या आत. तेही सर्टिफिकेटसाठीच आलेले. जोडण्या लावता लावता मी सहज विचारलं, पळताना कधी काही जाणवतं का? ‘काय नाही हो. पहिल्या किलोमीटरला छाती जरा आवळती, मग सुटती की. आमची जुनी राजदूतबी सकाळी दोन किका मागायची.’ मी हात थांबवला आणि डॉक्टरांना बोलावलं. सुरुवातीला आवळणं आणि अंग तापल्यावर सुटणं हे धमनी बुजल्याचं ओळखीचं लक्षण आहे, फक्त पळणारा त्याला वॉर्म-अप समजतो. डॉक्टरांनी त्यांना ८५ टक्क्यांना न थांबवता पुढे चालू दिलं. चौथ्या टप्प्यापर्यंत आलेखात काहीही नाही, गडी गप्पा मारत चाललेला. पट्टा थांबला, ते खुर्चीत बसले, टॉवेलने मान पुसायला लागले आणि तिसऱ्या मिनिटाला स्क्रीनवरच्या रेषा खाली बसल्या, चांगल्या दोन मिलिमीटर. हृदयाला रक्त कमी पडतंय याची ती खूण. छातीत दुखत होतं का? नाही. ‘डाव्या दाताच्या बाजूला जरा ठणकतंय, दाढ किडलीय बहुतेक.’ अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी जवळपास बंद निघाली. आज ते बरे आहेत, राकसकोपच्या रस्त्यावर सकाळी भराभर चालताना दिसतात. पण लक्षात घ्या, त्यांना मशीनने पकडलं ते नंतर. आधी ते एका प्रश्नात सापडले होते, आणि तो प्रश्न तुमच्या फॉर्मवर नाही.

‘एवढं पळणाऱ्याला हृदयविकार होईलच कसा?’ हे मी रोज ऐकते. आपल्याकडचे लोकच असं समजतात असं नाही. १९७०च्या दशकात टॉमस बॅस्लर या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टचं म्हणणं होतं की जो मॅरेथॉन पळू शकतो त्याच्या हृदयाच्या धमन्या बुजून तो मरत नाही. दक्षिण आफ्रिकेचे संशोधक टिमोथी नोक्स यांनी १९७९ मध्ये शवविच्छेदनांचे पुरावे मांडून ते खोडून काढलं. मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या धमन्याही बुजलेल्या होत्या. तरी लोकांचा भ्रम गेला नाही. तो हलला जिम फिक्समुळे. अमेरिकेला पळायचं वेड लावणाऱ्यांतला हा लेखक, स्वतः पस्तिशीत सिगारेट सोडून, वजन उतरवून पळायला लागलेला. जुलै १९८४ मध्ये व्हरमाँटमध्ये रोजच्यासारखा पळायला गेला असतानाच तो गेला. वय ५२. तपासणीत हृदयाच्या धमन्या जागोजाग बुजलेल्या निघाल्या. त्याचे वडील हृदयविकाराने ४३व्या वर्षी गेले होते. त्याने पळून बहुधा आयुष्याची काही वर्षं मिळवली, पण वडिलांकडून आलेलं पळून फिटत नव्हतं.

अलीकडचं संशोधन तर आणखी अवघड प्रश्न विचारतं. २०१७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पळणारे, सायकल चालवणारे १५२ प्रौढ खेळाडू तपासले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू असा कसलाच धोका नसलेले. त्यांच्यातल्या पुरुषांपैकी साधारण ४४ टक्क्यांच्या धमन्यांत थर सापडला, तशाच पण न पळणाऱ्या पुरुषांत २२ टक्क्यांच्या. खेळाडूंचे थर बहुतेक कॅल्शियम धरून कडक झालेले होते, आणि कडक थर सहसा फुटत नाही, म्हणून पळणाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग २०२३ मध्ये बेल्जियममधून दुसरा अभ्यास आला. आयुष्यभर कसून सराव केलेल्यांत मऊ थरही जास्त दिसले. याचा अर्थ काय लावायचा यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. माझ्यासारखीने त्यात पडू नये. एवढं मात्र दोन्हींतून दिसतं की शर्यतीची वेळ हा धमन्यांचा रिपोर्ट नव्हे.

हे वाचून कुणी पळणं सोडणार असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी भांडेन. अमेरिकेतल्या सिएटलमधला १९८४चा अभ्यास अजून सांगितला जातो: जोराचा व्यायाम चालू असतो तेवढ्या वेळात हृदय बंद पडायचा धोका वाढतो, पण नेमाने व्यायाम करणाऱ्याचा चोवीस तासांचा एकूण धोका बैठ्या माणसाच्या निम्म्याहूनही कमी असतो. शर्यतीत मृत्यू विरळा असतात. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्ध्या मॅरेथॉनमध्ये पळालेल्या १ कोटी ९ लाख लोकांत ५९ जणांचं हृदय बंद पडलं. म्हणजे १ लाख ८४ हजारांत एक. पुरुषांचं प्रमाण बायकांच्या कितीतरी पट, आणि सरासरी वय चाळिशीच्या थोडं पुढे. पण आपल्याकडे तोच हिशेब धरून स्वस्थ बसता येणार नाही. हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालच्या मोठ्या बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मध्यम वय ५३ निघालं, म्हणजे निम्म्यांना तो त्याआधीच आलेला; इतर देशांत ते ५९च्या आसपास होतं. आपल्या शर्यतीत चाळिशी ओलांडलेल्यांचीच गर्दी असते.

वर सांगितलेल्या ५९ जणांपैकी ४२ दगावले. हृदय बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग शर्यतीच्या शेवटच्या चतुर्थांशातले होते. मग त्याच संशोधकांनी २०१० ते २०२३ चा हिशेब मांडला. पळणारे जवळपास तिप्पट झाले, २ कोटी ९० लाखांच्या वर. हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं, कमी झालं नाही. आणि ज्यांचं कारण पक्कं कळलं त्यांच्यात धमन्या बुजण्याचा आजार पहिल्या क्रमांकावर आला. पण मरणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. आधी दहांतले सात जात होते, आता दहांतले साडेतीन. माणसं काही जास्त निरोगी झाली नव्हती. रस्त्यावर छाती दाबणारे हात आणि शॉक देणारी पेटी वेळेत पोचायला लागली होती.

म्हणून आता तुमच्या रस्त्याकडे येते.

गेल्या हंगामातल्या एका शर्यतीला मी पाण्याच्या टेबलावर होते. कुठली ते सांगत नाही, कारण बाकीच्या शर्यतीही त्याच पठडीतल्या आहेत. रुग्णवाहिका उभी होती स्टेजच्या मागे, डीजेच्या गाडीला खेटून, आणि तिच्यापुढे पाहुण्यांच्या गाड्या. एखादा पेशंट तिच्यात घातला असता तरी ती बाहेर कशी काढणार होता? पुरस्कर्त्या दवाखान्याचा मंडप समाप्तीच्या पलीकडे, तिथे मेडल घालून आलेल्यांचा फुकट रक्तदाब बघणं चालू. शेवटच्या दोन किलोमीटरवर हातात झेंडा घेतलेली कॉलेजची दोन मुलं होती आणि ती मोबाईलमध्ये होती. माईकवरचा माणूस पन्नाशीतल्या माणसाला ओरडून सांगत होता, ‘खेच काका, खेच, मागचा आला!’ त्याचं काम रंगत आणायचं, मी त्याला दोष देत नाही. पण पाणी कमी झालेल्या, दोन तास पळालेल्या हृदयाला त्या क्षणी जास्तीचा धक्का देणं कुठल्याही बाजूने शहाणपणाचं नाही. पंचेचाळीसच्या पुढच्यांना तेवढं सोडा हो.

पुरस्कर्त्या दवाखान्याला पुढच्या वर्षी सांगा, रक्तदाबाचा मंडप नको, त्या दिवसापुरत्या दोन एईडी द्या. एईडी म्हणजे शॉक देणारी छोटी पेटी. ती उघडली की स्वतः बोलून काय करायचं ते सांगते, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे शिकाऊ माणसाच्या हातातही ती बिनधोक आहे. एक समाप्तीपाशी ठेवा, दुसरी दोन किलोमीटर अलीकडे दुचाकीवर. रुग्णवाहिका तोंड रस्त्याकडे करून, मोकळ्या जागेत. दर किलोमीटरला ठळक आकडा लावा, म्हणजे फोन करणारा ‘जांबोटी रोडवर, झाडापाशी’ असं न सांगता किलोमीटर १९ म्हणून सांगेल. शिनोळीकडे किंवा चोर्ल्याकडे, म्हणजे महाराष्ट्र-गोव्याच्या हद्दीकडे, जाणाऱ्या वाटा धरल्या असतील तर आणखी एक. १०८ कर्नाटकात आहे, महाराष्ट्रात आहे, गोव्यातही आहे. हद्दीजवळून फोन लागला तर कुठल्या राज्याची गाडी निघणार, हे शर्यतीच्या आठवडाभर आधी दोन्हीकडे विचारून घ्या. पडलेल्या माणसाच्या उशाशी उभं राहून सीमाप्रश्न सोडवायचा नसतो.

स्वयंसेवकांना काय शिकवायचं? पडलेला माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं कळलं की पुरे, छाती दाबायला लागायचं. नाडी शोधत बसायचं नाही. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल. पाच सेंटिमीटर हे करून बघेपर्यंत कुणालाच खरं वाटत नाही, फार खोल असतं. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेले हात नुसते छातीवर टेकतात, दाबत नाहीत. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते.

पण आपल्या गर्दीचे दोन गोंधळ आधी मोडावे लागतील. हृदय बंद पडताना पहिल्या काही क्षणांत कधी कधी हातपाय झटके देतात. झालं, ‘फिट आली, फिट आली’ म्हणून कुणी नाकाला कांदा लावतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. तीन-चार मिनिटं तशीच जातात. दुसरं, पडलेला माणूस मासा तडफडावा तसा अधूनमधून मोठ्याने आचके देतो आणि लोक म्हणतात, ‘श्वास चाललाय, पाणी पाजा.’ तो श्वास नव्हे. ते आचके हृदय बंद पडल्याचीच खूण आहेत. तोंडात पाणी तर अजिबात ओतायचं नाही. आणखी एक गोष्ट समाप्तीवरच्या मुलांना सांगून ठेवा. रेषा ओलांडून थांबल्यावर जो भोवळ येऊन बसतो त्याचा बहुधा रक्तदाब उतरलेला असतो, पाय वर करून झोपवलं की तो पाच मिनिटांत बोलायला लागतो. रेषेच्या अलीकडे, पळता पळता जो कोसळतो, तो वेगळा. त्याच्याकडे धावायचं.

आता फॉर्मकडे. सर्टिफिकेट काढून टाका आणि त्या जागी प्रश्न विचारा, मराठीत आणि कन्नडमध्ये. सध्याचा तुमचा फॉर्म इंग्रजीत आहे, त्याच्या शेवटी बारीक अक्षरात ‘माझ्या जिवाला मी जबाबदार’ अशा अर्थाचं काहीतरी असतं आणि सगळे न वाचता टिक करतात. तिथे हे विचारा: पळताना किंवा चढावर छाती, जबडा, खांदा, हात, पाठ यांत कधी आवळल्यासारखं होतं का, मग ते पुढे थांबत असलं तरी? कधी पळता पळता डोळ्यांपुढे अंधारी आली आहे का? सराव तोच असून गेल्या काही महिन्यांत दम लवकर लागतो का? वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडले किंवा गेले का? साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल? तंबाखू, आता किंवा पूर्वी? या तंबाखूवर निपाणीकडच्या मंडळींनी जरा थांबावं. ‘सिगारेट नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या एका पळणाऱ्याने पट्ट्यावर चढण्याआधी चड्डीच्या मागच्या खिशातून एनर्जी जेल आणि चुन्याची डबी दोन्ही काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली होती. मळलेली तंबाखूही रक्तदाब आणि ठोके वाढवतेच.

कुणी ‘हो’ लिहिलं म्हणून त्याला शर्यतीतून काढू नका. तसं केलंत तर पुढच्या वर्षी सगळे जण सगळीकडे ‘नाही’ लिहितील. त्याला एवढंच कळवा की महिनाभरात हृदयरोगतज्ज्ञाला दाखव, आणि शर्यत नाही जमली तर तुझा नंबर पुढच्या वर्षी फुकट. ही फुकट नंबराची सोय तापाच्या पेशंटलाही लागू करा. डेंग्यू, फ्लू, कसलाही व्हायरल ताप अंगात असताना पळालं तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्यात तरणाताठा माणूसही जातो. हजार-बाराशे रुपये भरलेत म्हणून पॅरासिटामॉल घेऊन स्टार्टला उभे राहणारे मी स्वतः बघितलेत. पैसे बुडणार नाहीत असं कळलं तर त्यातले निम्मे घरी झोपतील.

गटप्रमुखांनो, तुम्ही रोज सकाळी रेसकोर्सच्या बाजूला किंवा येळ्ळूरच्या वाटेवर या माणसांबरोबर असता. तुमचं ऐकलं जातं, आमचं नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना सांगा की वर्षातून एकदा साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बघा. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए या कोलेस्टेरॉलसारख्या चरबीची रक्ताची तपासणी करून घ्या. ते घराण्यातून येतं, पळून किंवा पथ्याने उतरत नाही, आणि बारीक माणसातही वाढलेलं असू शकतं. ज्यांच्या घरात हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना कॅल्शियम स्कोअरबद्दल विचारावं. तो धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा साधा सीटी स्कॅन असतो, सुई नाही, औषध नाही. प्रत्येकाने करायचा नाही, आणि त्यात मऊ थर दिसत नाहीत, पण कुणाला कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची हे ठरवायला त्याची मदत होते. वेग कमी झाला म्हणून चिडवणं बंद करा. ‘काय अण्णा, म्हातारं झालासा की’ हे ऐकून छातीतली कळ दाबून पळणारे आहेत. ‘पित्त झालंय’ म्हणत पळणारे तर भरपूर आहेत. आणि घरच्यांना विचारा. ‘हे पळून आले की हल्ली अर्धा तास कुणाशी बोलत नाहीत, पंख्याखाली बसून राहतात’, हे एका वहिनींनी मला सांगितलं होतं, नवऱ्याने नाही. बायकांच्या गटांनाही हे सगळं लागू आहे. पाळी गेल्यावर त्यांचा धोका पुरुषांच्या जवळ सरकतो, आणि दुखणं कधी कधी छातीत नसून पाठीत किंवा नुसत्या थकव्यात असतं.

२९ ऑक्टोबर २०२१ला कन्नड नट पुनीत राजकुमार हृदयविकाराने गेला, ४६व्या वर्षी. तेव्हा आमच्या दारात टीएमटीसाठी रांग लागली होती. काही दिवसांत ती विरली. त्याच्या नावाने राज्य सरकारने हृदय ज्योती योजना आणली; तिच्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांना पाठवतात, आणि झटका असेल तर गाठ विरघळवणारं टेनेक्टेप्लेसचं महागडं इंजेक्शन तिथेच मोफत देतात. तुमच्या मार्गाजवळचा सरकारी दवाखाना यात आहे का, रविवारी सकाळी सातला तिथे ते इंजेक्शन आणि देणारा माणूस हजर असतो का, हे जाऊन विचारा. पत्र लिहू नका, जाऊन विचारा.

माझ्याकडून मी काय करू शकते ते सांगते. सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, शिकवायचा पुतळा आमच्याकडे आहे. शर्यतीच्या आधीचे दोन रविवार मी आणि माझी सहकारी सकाळी सहा ते आठ यायला तयार आहोत, बेळगावात किंवा खानापुरात, तुम्ही म्हणाल तिथे. पैसे नकोत, चहा चालेल. एका वेळी वीस जणांच्या वर आणू नका, कारण प्रत्येकाच्या हाताखाली पुतळ्याची छाती पाच सेंटिमीटर गेलेली मला बघायची आहे. माईकवाल्यालाही घेऊन या. आणि येताना मार्गाचा नकाशा आणा, रुग्णवाहिका कुठे उभी करणार ते त्यावर पेनाने खूण करून.

कळावे,
आपली,
एक टीएमटी तंत्रज्ञ
टिळकवाडी, बेळगाव